फरशीवर कोण कोण

नवस बोलायला वेळ लागत नाही. एर्सिलिया तर एका दमात बोलून मोकळी झाली होती. नवरा उलटलेल्या ट्रॅक्टरखाली, ती ओहोळाच्या कडेला चिखलात, आणि तोंडातून निघून गेलं, "मादोन्ना, याला जगव, तुझ्या भिंतीला फरशी लावीन." मादोन्ना म्हणजे मेरीमाता; तिनं वाचवलेल्यांचा प्रसंग फरशीवर रंगवून तिच्या चर्चच्या भिंतीत बसवायची तिकडे रीत होती. लिबेरो जगला. मांडीचं हाड मोडलं होतं, त्यात सळई बसली, सगळा हिवाळा त्यानं खाटेवर पडून सरकारला आणि बायकोच्या सूपला नावं ठेवण्यात घालवला. एप्रिलात तो अंगणात फिरायला लागला आणि नवस फेडायची वेळ आली.

फेडण्यात एकच अडचण होती. त्या दिवशी ट्रॅक्टर उचलून धरला तो ओरेस्तेनं. ओरेस्ते म्हणजे एर्सिलियाचा सख्खा भाऊ. आणि त्याच्याशी ती अकरा वर्षं बोलत नव्हती. फरशीवर सगळे येतील, ओरेस्ते येणार नाही, हे तिनं घरातून निघायच्या आधीच पक्कं केलं होतं.

गाडी तीच चालवत होती, कारण लिबेरोचा पाय अजून क्लचवर नीट बसत नव्हता. देरुता गावाचा चढ लागला तशी तिची छोटी पांडा गाडी गुरगुरायला लागली.

"दुसऱ्यात टाक," लिबेरो म्हणाला.

"दुसऱ्यातच आहे."

"मग पहिल्यात टाक. गाडीला दम लागलाय."

"तू उतरून ढकल, म्हणजे तिला बरं वाटेल."

खालच्या हमरस्त्यावर बस थांबतात तिथं काचेची मोठमोठी दुकानं आहेत, पण नवसाच्या फरशीसाठी तिकडे कुणी जात नाही. त्यासाठी वर, जुन्या वेशीच्या आत, मिरेल्लाकडे जायचं. मिरेल्लाचा आजा काढायचा, बाप काढायचा, आता ती काढते. एर्सिलियानं चौकात गाडी लावली, मागच्या सीटवरून अंड्यांची टोपली आणि तेलाची बाटली घेतली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"येणार नाहीस?"

"नवस तू बोललीस. मी शुद्धीवर होतो, मला कुणी विचारलं नाही." लिबेरोनं खिडकीची काच खाली केली आणि वर्तमानपत्र उघडलं. कम्युनिस्ट पक्षानं आपलं नाव बदलून वर्ष उलटलं होतं, लिबेरोनं मात्र काहीच बदललं नव्हतं. चर्चमध्ये तो आजवर दोनदाच गेला होता, एकदा लग्नाला आणि एकदा सासूच्या अंत्यविधीला. दुसऱ्या वेळी दाराशीच उभा राहिला होता.

मिरेल्ला दुकानात एकटीच होती. पन्नाशीची, हात कोपरापर्यंत पांढऱ्या भुकटीनं माखलेले. पुढच्या फळ्यांवर विकायच्या थाळ्या होत्या, त्यांच्यावर निळे-पिवळे ड्रॅगन. ते ती टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड झटकून उमटवायची आणि गप्पा मारत रंगवायची. नवसाच्या फरशीला असा तयार कागद नसतो. प्रत्येकाचं मरण वेगळं असतं, निदान हुकलेलं तरी.

"बसा सिन्योरा. अंडी कशाला आणलीत?" असं म्हणत तिनं टोपली आत नेऊन ठेवली आणि पेन्सिल घेऊन बसली. "हं, सांगा. आधी कागदावर काढते. फरशीवर एकदा ब्रश टेकला की मग मला काही सांगू नका."

एर्सिलियानं घरी भांडी घासताना सगळं मनात घोकलं होतं, त्यामुळे ते अडखळल्याशिवाय बाहेर आलं. वावर उताराचं. खाली ओहोळ. पाऊस होऊन गेलेला. ट्रॅक्टर घसरला आणि आडवा झाला. लिबेरो खाली. आणि ती इथं, या बाजूला, गुडघ्यावर, हात जोडलेले. वर झाडात मादोन्ना.

मिरेल्लाचा हात भरभर चालत होता. ओकचं झाड आलं, झाडाच्या फांद्यांत ढग आणि ढगात मादोन्ना. खाली ट्रॅक्टर, त्याच्याखालून बाहेर आलेलं डोकं. शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली बाई.

"आणि मग बाहेर कसे आले?" मिरेल्लानं विचारलं.

"मी ओढला. काखेत हात घालून."

"ट्रॅक्टर अंगावर असताना?"

"ट्रॅक्टर उचलला गेला."

"कुणी उचलला?"

"मादोन्नानं," एर्सिलिया म्हणाली आणि तेलाच्या बाटलीचं बूच घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

मिरेल्लानं पेन्सिल कानावर ठेवली. "सिन्योरा, खालच्या चर्चची भिंत तुम्ही लहानपणापासून बघताय. तिथं मादोन्ना कधी झाडातून खाली उतरलीय का? विहिरीत पडला तर दोर कुणीतरी धरलेला असतो. बैल अंगावर आला तर बैलाची शेपूट कुणीतरी पिरगाळत असतं. ती वर बसून बघते. करतात ते खालचे."

"तू काढ ना बाई. तुला फरशी रंगवायचीय की जबानी घ्यायचीय?"

"अर्ध्या फरशीवर रिकामी जागा राहतेय, म्हणून विचारते."

"तिथं कुत्रा काढ."

"होता का कुत्रा?"

"नव्हता. पण कुत्रं कुठंही असू शकतं."

ती भिंत एर्सिलिया विसरली नव्हती, हीच तर पंचाईत होती. आई दोघांना हाताला धरून तिथं न्यायची, आणि प्रार्थना चालू असताना ती आणि ओरेस्ते कोपरानं एकमेकांना ढोसत खेळायचे. वाचलेला कोण ते एकानं दाखवायचं, वाचवणारा कोण ते दुसऱ्यानं. ओरेस्तेला वाचवणाराच व्हायचं असायचं. तिनं ती आठवण बाजूला सारली आणि खिडकीबाहेर पाहिलं. तर लिबेरो काठी टेकत चौकातून येत होता.

"मी काही नवसाला आलेलो नाही," तो दारातूनच म्हणाला. "संडास कुठाय?"

मिरेल्लानं मागचं दार दाखवलं. तो परत आला तेव्हा वाटेतच टेबल होतं आणि टेबलावर त्याचाच अपघात. न पाहता पुढे जाणं कुणालाही जमलं नसतं.

"हा कुणाचा ट्रॅक्टर?" त्यानं विचारलं.

"तुमचा."

"माझा? माझ्या ट्रॅक्टरचं धुराडं उभं आहे, असं वाकडं नाही. आणि तो डाव्या अंगावर पडला. उजव्या अंगावर पडला असता तर मी उडी मारून चहाला घरी गेलो असतो."

मिरेल्लानं खोडरबर घेतलं आणि ट्रॅक्टर दुसऱ्या कुशीवर केला. लिबेरो वाकून बघायला लागला. ओहोळ जास्त खोल झालाय, म्हणाला. बूट निघून पडला होता, तो दाखव, म्हणाला. मग त्याची बोटं वर गेली.

"हा ओक कशाला? माझ्या वावरात ओक नाही. सगळी ऑलिव्ह आहेत."

"भिंतीवरच्या सगळ्या फरश्यांवर मादोन्ना ओकमध्येच बसते."

"तिला सांग ऑलिव्हमध्ये बस."

"झाड तिचं आहे, वावर तुमचं," मिरेल्ला म्हणाली. "ओक राहील."

"बरं. पण माझे हात जोडलेले काढायचे नाहीत."

"तुमचे हात ट्रॅक्टरखाली आहेत."

"मग ठीक आहे." त्यानं पुन्हा कागदाकडे पाहिलं, डावीकडून उजवीकडे, एखादं बिल तपासावं तसं. मग बायकोकडे पाहिलं. "ओरेस्ते कुठाय?"

मिरेल्ला कानावरची पेन्सिल काढून तिचं टोक बघत बसली.

"फरशी माझी आहे," एर्सिलिया म्हणाली.

"फरशी तुझी. मांडी माझी. ओकचा खांब खाली घालून ट्रॅक्टर ज्यानं वर केला तो कुठाय?"

"तू त्याचं नाव माझ्यापुढं काढायचं नाहीस."

"नाव नको काढू. चेहरा काढ."

एर्सिलियाला संताप आला, आणि संतापाखाली लाज होती म्हणून तो जास्तच आला. तिनं मिरेल्लाला सांगितलं, म्हणजे खरं तर नवऱ्याला सांगितलं, पण मिरेल्लाकडे बघून. आई शेवटी ओरेस्तेबरोबर तिच्याच घरात होती, तीन वावरं पलीकडे. ऑगस्ट होता. एर्सिलिया अंगणात टोमॅटोच्या बाटल्या भरत होती, मोठी कढई चुलीवर. दुपारी ओरेस्ते आला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन, आणि म्हणाला आई गेली. फादरही येऊन गेले होते. सगळं आटोपल्यावर तो आला होता. सकाळपासून आईचं काही खरं नव्हतं आणि सकाळपासून तो घरीच होता. "आणि मला काय म्हणाला माहिती आहे? म्हणाला, तुझी कढई चुलीवर होती, कामात कशाला त्रास म्हटलं. आई मरतेय आणि हा म्हणतो टोमॅटो!"

"आणि तू त्याला कबरस्तानात काय म्हणालीस तेही सांग," लिबेरो म्हणाला.

ते तिनं सांगितलं नाही. ती म्हणाली होती, आईबरोबर तूही या खड्ड्यात गेलास असं मी समजते. गावातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. त्या दिवसापासून पुढे ओरेस्तेनं बोलायचा प्रयत्नही केला नव्हता. तो चर्चमध्ये पहाटेच्या प्रार्थनेला जायचा, ती दहाच्या. बाजारात तो समोरून आला की ती कांदे निवडायची. न पाहायचं एकदा ठरवलं की शेजारचं वावरही परमुलूख होऊन जातं. अपघाताच्या दिवशी त्या दोघांत एकच शब्द झाला होता. खांब दाबत ओरेस्ते म्हणाला, "ओढ." आणि तिनं ओढलं.

"तो बोलावल्याशिवाय आला," लिबेरो म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "आईच्या वेळी त्यानं तुला बोलावलं नाही, हे तू अकरा वर्षं धरून बसलीस. या वेळी त्याला तरी कुणी बोलावलं होतं? तू नुसती ओरडत होतीस, ती मादोन्नाच्या नावानं. आला तो."

"म्हणून काय मी त्याला भिंतीवर चढवू?"

"हे बघ, मी तुझ्या त्या बाईला मानत नाही. पण ती असेलच, तर त्या दिवशी ती तिथं होती आणि तिनं सगळं पाहिलंय. मग तिच्याच भिंतीवर, तिच्याच तोंडासमोर, खोटं टांगणार तू?"

असा तडाखा फादरनं दिला असता तर एर्सिलियानं उलट काहीतरी सुनावलं असतं. पण देव न मानणाऱ्या माणसानं देवाचं बोलावं यासारखी वैतागाची गोष्ट नाही, कारण त्याला उत्तर कुठल्या बाजूनं द्यायचं ते कळत नाही. ती स्टुलावर बसली. रुमालानं तोंड पुसलं.

"काढ," ती शेवटी म्हणाली. "तिथं, जागा आहे तिथं. कुत्र्याच्या जागी."

मिरेल्लानं एका शब्दानंही आनंद दाखवला नाही, एवढं शहाणपण तिच्यात होतं. तिनं खांब काढला, खांबावर ओणवा झालेला माणूस काढला. मग झिलई दिलेली, अजून न भाजलेली कच्ची फरशी पुढ्यात घेऊन ठेवली, पिठूळ आणि कोरी. रंगांच्या वाट्या मांडल्या. "केस?"

"काळे," एर्सिलिया म्हणाली. "दाट. कपाळावर येणारे."

मिरेल्लानं काळ्या वाटीकडे हात नेला आणि लिबेरो खोकला.

"चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे तो."

"आमच्या घराण्यात केस लवकर पिकत नाहीत."

"लवकर! एर्सिलिया, तू कुठल्या ओरेस्तेचं सांगतेस? चाळिशीतल्या?"

"मग तू सांग, तू तर रोज त्याच्याशी कुंपणावरून बोलतोस. मला कळत नाही वाटतं?"

"बोलतो. पण तो टोपी काढतो कुठं? मी त्याचं डोकं कित्येक वर्षांत पाहिलं नाही."

"मग डोक्यावर टोपीच काढते," मिरेल्ला म्हणाली. "प्रश्न मिटला."

"नाही मिटला," लिबेरो म्हणाला. "टोपी पडली होती. माझ्या नाकासमोर चिखलात पडली होती, मला तेवढीच तर दिसत होती. टोपी आणि त्याचे बूट. डोकं हिच्यासमोर होतं."

दोघंही एर्सिलियाकडे बघायला लागले. तिनं आठवायचा प्रयत्न केला. खांब आठवला. खांबावरचे हात आठवले, शिरा फुगलेल्या. ट्रॅक्टरचा पत्रा बोटभर वर आला तो आठवला. त्या हातांच्या वर तिनं पाहिलंच नव्हतं. एवढा मोठा प्रसंग, नवऱ्याचा जीव टांगणीला, आणि त्यातही तिनं न पाहण्याचा नेम मोडला नव्हता.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

मिरेल्लानं ब्रश खाली ठेवला. "सिन्योरा, माझ्याकडे पांढरा रंग नसतो. पांढरं म्हणजे ही फरशीच, जिथं मी ब्रश लावत नाही ती. काळे असतील तर काळे करते. पण काळं एकदा फरशीत मुरलं की ते पुसता येत नाही. पांढरे असतील तर मला आत्ता, हात लावायच्या आधी कळायला हवं."

"आणि त्याच्या पाठीचं काय करायचं?" लिबेरो म्हणाला. "म्हणजे त्या दिवशी सरळ होती म्हणा."

"कसलं पाठीचं?"

"त्या दिवसापासून काठी आलीय त्याच्या हातात. खांब दाबताना काहीतरी सरकलं. माझ्या आधी काठी टाकीन अशी पैज लावलीय त्यानं. तो हरणार."

एर्सिलिया उठली. गल्ल्याजवळ दुकानाचा टेलिफोन होता. तिनं विचारलं नाही, नुसतं मिरेल्लाकडे पाहिलं आणि मिरेल्लानं मान हलवली. नंबर शोधावा लागला नाही. ओरेस्ते आईच्या घरात राहत होता, आणि आईच्या घरचा नंबर बोटांना अजून पाठ होता.

बराच वेळ रिंग वाजत राहिली. काठी घेऊन यायला वेळ लागतो, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"कोण?"

"मी."

पलीकडून ओरेस्तेचा घाईचा आवाज. "लिबेरोला काय झालं?"

"काही नाही झालं त्याला. इथं देरुतात उभा राहून सगळ्यांना शिकवतोय." ती जोरात बोलायला लागली. "मला एवढंच सांग. तुझ्या डोक्यावर केस आहेत का?"

पलीकडे कुठंतरी कोंबडी ओरडली.

"का? फणी आणतेस की काय?"

एर्सिलियाच्या तोंडून जे बाहेर पडलं ते हसू होतं की रडू, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. लिबेरो एका थाळीवरचा ड्रॅगन फार लक्ष देऊन बघायला लागला.

"फरशीवर काढायचेत," ती म्हणाली.

त्या भागातल्या माणसाला यापुढे काही समजवावं लागत नाही. ओरेस्ते म्हणाला, "मला कशाला काढता? मी फक्त दाबलं. टोपी घालून काढायला सांग, म्हणजे कुणी ओळखणार नाही."

"टोपी पडली होती तुझी. तिथं खोटं टांगायचं नाही."

"मग पुढे नाहीत. कानांवर आहेत थोडे. पांढरे. बाबांचे झाले होते तसे."

एर्सिलियानं माउथपीसवर हात ठेवला आणि मिरेल्लाला सांगितलं, "पुढे टक्कल. कानांवर पांढरे." मिरेल्लानं काळी वाटी उचलून मागच्या फळीवर ठेवली.

तिनं हात काढला. "पाठीचं मला का नाही कळवलंस?"

"तू लिबेरोच्या दुखण्यामागं होतीस," ओरेस्ते म्हणाला. "कामात कशाला त्रास म्हटलं."

अगदी तेच शब्द होते. आवाजही तोच, जरासा ओशाळलेला, दारात टोपी हातात घेऊन उभं राहिल्यासारखा. अकरा वर्षं तिनं ते वाक्य उलटंपालटं करून त्यात डाव शोधला होता, आईला एकट्यानं ठेवून घेण्याचा हावरेपणा शोधला होता. आणि वाक्यात काहीच नव्हतं. स्वतःची पाठ मोडली तरी तो हेच म्हणत होता. तो असाच होता. लहानपणीही गुडघा फुटला तर आईला सांगायचा नाही.

"गाढवा," ती म्हणाली. "मला त्रास द्यायचा. कळलं? माझी कढई चुलीवर असू दे, नाहीतर घराला आग लागलेली असू दे. मला त्रास द्यायचा."

"बरं," ओरेस्ते म्हणाला. मग म्हणाला, "जिना चढताना जास्त दुखतं."

"कुठं? खाली की वर?"

तो सांगायला लागला. खाली कुठं दुखतं, वर कुठं, रात्री कोणत्या कुशीवर झोपता येतं, डॉक्टर काय म्हणाला आणि त्यातलं आपण काय ऐकलं नाही. अकरा वर्षांत कुणाला त्रास दिला नव्हता, त्यामुळे सांगायला पुष्कळ होतं. एर्सिलिया गल्ल्याला टेकून हं, हं करत राहिली. लिबेरोनं स्टूल ओढून घेतलं आणि पाय लांब करून बसला. मिरेल्लानं ब्रश भिजवला आणि ओरेस्तेच्या डोक्याची जागा तेवढी कोरी सोडून बाकीचं रंगवायला घेतलं.